वडगाव ते पावनखिंड : चढापेक्षा उतार अवघड

पेठ वडगाव हे तसे सपाटीवरचे गाव. एका बाजूला वारणेचे खोरे, दुसऱ्या बाजूला पंचगंगेचे. मधे काळी जमीन, उसाचे फड, जुनी बाजारपेठ आणि जवळूनच धावणारा पुणे-बंगळूर महामार्ग. डोंगरी सायकलफेरीचा आरंभ अशा गावातून व्हावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु गावाबाहेर पडून पश्चिमेकडे नजर टाकली, की जोतिबाचा डोंगर दिसतो आणि त्याच्या मागे पन्हाळ्याची लांबट, सपाट माथ्याची रेघ. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे फुटलेला हा फाटा जोतिबापाशी खाली उतरतो. महामार्ग ओलांडल्यावर आळते, रामलिंग, बाहुबली या टेकड्यांच्या रूपाने तो पुन्हा डोके वर काढतो. वडगाव या दोहोंच्या मधल्या सखल भागात वसले आहे. सरळ रेषेत मोजले तर येथून जोतिबा चौदा-पंधरा किलोमीटर आणि पन्हाळा वीस-बावीस. तेथून पुढे मसाई पठार आणि वाड्या-वस्त्यांच्या वाटेने पावनखिंडीपर्यंत गेल्यास सारी फेरी नव्वद ते शंभर किलोमीटरची होते.

महामार्गावर शंभर किलोमीटर सायकल चालवणारे हौशी लोक आज कोल्हापूर परिसरात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि येथेच फसगत होते. डोंगरातील किलोमीटर आणि सडकेवरचा किलोमीटर यांचे माप एक नव्हे. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की या वाटेवर दम काढणारे चढ सर्वांच्या लक्षात राहतात; सायकलस्वार पडतात आणि जखमी होतात ते मात्र बहुधा उतारावर. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी चढाचा हिशेब मांडावा लागतो.

सत्तर किलो वजनाचा स्वार आणि पंधरा किलोची, पाणी-हत्यारांसह सज्ज सायकल असे पंच्याऐंशी किलोचे ओझे धरू. जोतिबाचा माथा भोवतालच्या मैदानापासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे. वडगावहून वाठार, वारणानगर, कोडोली या बाजूने येऊन गिरोलीच्या घाटाने हा चढ घेता येतो. शंभर मीटर अंतरात आठ मीटर उंची वाढवणाऱ्या रस्त्यावर ताशी आठ किलोमीटर वेग राखायचा झाला, तर केवळ स्वतःला आणि सायकलीला वर उचलण्यासाठी सुमारे दीडशे वॉट शक्ती सतत लावावी लागते. चाकांचे घर्षण वेगळे. घरातले दोन मोठे छताचे पंखे पायांनी फिरवत ठेवण्याइतके हे काम आहे. पाच-दहा मिनिटे ते कोणीही करील. अर्धा-पाऊण तास करताना मात्र छाती भात्यासारखी चालू लागते.

गिअरचे महत्त्व येथे कळते. दूधवाले आणि पेपरवाले वर्षानुवर्षे वापरत आले ती काळी, जाड नळीची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात पाच मीटरहून अधिक पुढे जाते. सपाटीवर ते सोयीचे असते. घाटात मात्र प्रत्येक फेरा वजन उचलल्यासारखा जड होतो आणि शेवटी उतरून ढकलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आजच्या माउंटन बाइकला पुढे बत्तीस दात्यांचे आणि मागे पन्नास दात्यांपर्यंतचे चक्र असते. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात ती जेमतेम दीड मीटर सरकते. ताशी आठ किलोमीटर वेगालाही त्यामुळे पाय मिनिटाला नव्वद वेळा, परंतु हलकेच फिरतात. एकूण काम तेवढेच राहते. ते लहान लहान घासांत वाटले जाते, इतकेच. नवखा स्वार मात्र हलका गिअर टाकणे कमीपणाचे मानतो आणि गिरोलीच्या दुसऱ्याच वळणावर त्याचे गुडघे तक्रार करू लागतात.

दुसरा हिशेब इंधनाचा. शरीरात साठवलेली शर्करा सुमारे दीड-दोन हजार कॅलरींची असते. सतत चढावर ती दोन-अडीच तासांत उतरणीला लागते. चरबी भरपूर उरलेली असली तरी तिचे ज्वलन संथ असल्याने ती ऐनवेळी पुरी पडत नाही. मग अचानक पाय शिशाचे होतात, डोके हलके होते, क्षुल्लक कारणाने चिडचिड होते. हे टाळायचे तर भूक लागण्याआधीच, दर तासाला पन्नास-साठ ग्रॅम पिष्टमय वा गोड पदार्थ पोटात जावयास हवेत. परदेशी पाकिटांतील लगदा यासाठी महागड्या दराने विकला जातो. कोल्हापूरकराला त्याची गरज पडू नये. गुळाचा खडा, शेंगदाण्याची चिक्की, केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि मीठ घातलेले लिंबूपाणी यांनी तेच काम उत्तम होते. पाणी दर तासाला अर्धा ते एक लिटर. तहान लागल्यावर प्यायचे म्हटले तर उशीर झालेला असतो.

आता वाटेचा पोत पाहू. या फेरीचे खरे रहस्य त्यातच आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा हा कातळ तयार झाला. त्यातील काही थर टणक, तर काही ठिसूळ. टणक थराची झीज कमी होऊन त्याचे उभे कडे उरले आणि ठिसूळ थरांचे उतार झाले. त्यामुळे येथील डोंगर जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहेत : उभा चढ, थोडी सपाटी, पुन्हा उभा चढ. एका लयीत चढून जावे अशी सोय ते देत नाहीत. माथ्यावर शतकानुशतकांच्या ऊन-पावसाने मूळ खडक कुजून जांभा बनला आहे. पन्हाळा आणि मसाई पठार यांच्या डोक्यावर हीच तांबडी टोपी आहे. म्हणजे वडगावच्या काळ्या मातीतून निघालेले चाक दोन दिवसांत निदान तीन प्रकारच्या जमिनींवरून जाते आणि प्रत्येक जमीन त्याच्याशी वेगळी वागते.

काळी माती ओली झाली की चाकाला लिंपण घातल्यासारखी चिकटते; पाच मिनिटांत ब्रेक आणि चौकट यांच्यामधली फट भरून चाक फिरेनासे होते. जांभ्याचा चिखल त्यामानाने पातळ, तो धुऊन निघतो. पण शेवाळ धरलेला जांभा ओल्या साबणासारखा निसरडा असतो. सुका जांभा याच्या उलट. तो खरबरीत असल्याने चाकाला घट्ट धरतो आणि पडणाऱ्याचे गुडघे किसणीवर घातल्यासारखे सोलतो. काळ्या कातळाच्या उतारावर सुटे गोटे असतात आणि त्यांच्यावर चाक गोट्यांसकट घसरते. म्हणून डोंगरी सायकलीचे टायर दोन इंचांहून रुंद, खोल खाचांचे असतात आणि त्यांत हवा कमी ठेवली जाते. सडकेवर दगडासारखे टणक टायर बरे वाटतात. येथे ते प्रत्येक खड्याला उसळी मारतात. जरा मऊ टायर दगडाला कवटाळून घेतो. अर्थात हवा फारच कमी केली तर दगडाच्या धारेवर ट्यूब चिरडली जाऊन पंक्चर ठरलेले. म्हाळुंग्याच्या पुढे पंक्चरचे दुकान शोधत बसण्यापेक्षा पंप, दोन ट्यूब आणि चेन जोडण्याचे हत्यार जवळ बाळगणे शहाणपणाचे.

उताराकडे वळण्यापूर्वी एका शर्यतीची हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या रस्त्याने खाली सुटण्याची शर्यत सुरू केली. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक लागावा, अशी त्या सायकलींची रचना होती. तळाशी पोहोचेपर्यंत तो तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी ते पुन्हा भरावे लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला ‘रिपॅक’ म्हणतात. त्या शर्यतीचे आणि वाटेचे नाव तेच पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही आज सायकल उद्योगात गाजलेली नावे याच वर्तुळातली. या खटपटींतून माउंटन बाइक जन्माला आली आणि १९९६ च्या अ‍ॅटलांटा ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतीला स्थान मिळाले. चढणे सोपे व्हावे म्हणून नव्हे, तर धड उतरता यावे या गरजेतून या सायकलीची जडणघडण झाली, हे विसरले जाते.

ते ग्रीस का जळत होते? चढताना गोळा केलेली उंची उतरताना कोठेतरी खर्ची पडावी लागते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघतो. पन्हाळा पायथ्यापासून ढोबळमानाने चारशे मीटर उंच. वर मानलेले पंच्याऐंशी किलोचे ओझे तेथून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात माठातले एक लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा अडथळा आणि चाकांचे घर्षण यांतील काही वाटा उचलतात; उरलेली उष्णता ब्रेकच्या दोन लहानशा पॅडांवर आणि पातळ चकत्यांवर पडते. संपूर्ण उतारभर ब्रेक हलकेच दाबून ठेवणे ही भित्र्या स्वाराची सवय असते आणि ब्रेक निकामी होण्याचा तोच राजमार्ग. तापलेल्या पॅडची पकड कमी होते, स्वार आणखी जोराने दाबतो, पॅड आणखी तापते. सरळ भागात थोडे सोडावे, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग खाली आणावा आणि पुन्हा सोडावे. मधल्या काळात चकतीला वारा लागतो.

पुढच्या ब्रेकविषयी आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. तो दाबला की माणूस हँडलवरून उलटतो, असे लहानपणी प्रत्येकाला सांगितलेले असते. वस्तुतः वेग कमी होताना सारे वजन पुढच्या चाकावर येते; म्हणून जमिनीला घट्ट धरण्याची क्षमता त्याच चाकात अधिक असते. केवळ मागचा ब्रेक वापरला तर मागचे चाक अडकून घसरते आणि सायकल आडवी होते. उलटण्याचे कारण पुढचा ब्रेक नव्हे, तर तो एकदम आवळणे आणि त्या वेळी शरीर पुढे झुकलेले असणे. उतारावर बैठकीवरून उठून कंबर मागे न्यावी, कोपर-गुडघे वाकते ठेवावेत, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवावीत म्हणजे खालचे पायडल दगडाला अडकत नाही. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता आठ-दहा मीटर पुढच्या वाटेवर ठेवावी. डोळे ज्या दगडाकडे लागतात, चाकही त्याच दगडावर जाते, हा अनुभव मोटारसायकलवाल्यांनाही असतो. आपल्या सायकलीचा कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हे मात्र निघण्यापूर्वी पाहून ठेवलेले बरे; भाड्याच्या सायकलीवर याचा घोटाळा हमखास होतो.

उतारात पायांना विश्रांती मिळते, हाही एक गोड गैरसमज. आखडत जाणाऱ्या स्नायूपेक्षा भार तोलत ताणला जाणारा स्नायू अधिक दुखावतो. डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळेच. सायकलवर हीच शिक्षा मांड्यांबरोबर मनगटांना आणि पंजांना होते. तासभर दगडांवरून आल्यावर बोटे इतकी बधिर होतात की लिव्हर किती दाबला गेला याचा अंदाज राहत नाही. दमलेले डोके, बधिर बोटे आणि ‘आता सगळे उतारच आहे’ ही निश्चिंती या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या दुपारनंतर.

वडगाव-पावनखिंड मार्गाची रचनाही अशीच कावेबाज आहे. पहिला टप्पा वाठार ते वारणानगर सपाट आणि डांबरी. साखर कारखान्याचा हंगाम असेल तर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सोबतीला. येथे सायकलस्वार ताजा असतो आणि वेगाने धावतो. ही उधळपट्टी पुढे महागात पडते. जोतिबावर चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास जाऊ नये, हे सांगायला हवेच असे नाही. गर्दी तर असतेच, शिवाय रस्त्यावरचा गुलाल ओला झाला की चाक धरत नाही. जोतिबाहून दाणेवाडीमार्गे वाघबिळाकडे येताना मिळवलेली काही उंची हातची जाते आणि पन्हाळ्यासाठी ती पुन्हा कमवावी लागते. पन्हाळ्याचा गाडीरस्ता जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खचला होता आणि गडाची वाहतूक बंद पडली होती. पावसाळ्यात या डोंगरांचा भरवसा धरू नये, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

गडावर मुक्काम करून दुसरा दिवस सुरू होतो तो राजदिंडीपासून. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ती ही बाजू. या मोहिमेची स्मृती जागवत दर पावसाळ्यात हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. सायकलवरून ती वाट करणाऱ्यांच्या छायाचित्रांखाली बाजीप्रभूंशी तुलना करण्याची अलीकडे हौस आली आहे. ती टाळलेली बरी. त्या रात्री भर पावसात, पाठीवर शत्रू घेऊन जे झाले, त्याच्याशी हौसेच्या फेरीचे नाते वाटेपुरतेच. राजदिंडीची वाट दगडी आणि उभी आहे. तेथे सायकल खांद्यावर घेऊनच उतरावे लागते. यात कमीपणा काही नाही. सेनापती धनाजी जाधवांची समाधी ज्या वडगावात आहे, तेथील माणसाला तर हे सहज पटावे. अवघड कड्याला घोड्यावरून उतरून लगाम हाती धरून चालणे ही या मुलुखातल्या घोडेस्वारांची जुनीच रीत.

तुरुकवाडी, म्हाळुंगे करीत वाट मसाई पठारावर चढते. येथे मात्र सायकलस्वाराने स्वतःपेक्षा जमिनीची काळजी अधिक वाहावी. उजाड माळ वाटणाऱ्या या जांभ्यावर मातीचा थर काही बोटांचा असतो. पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे त्याच थरात इवल्या वनस्पती उगवतात, फुलतात, बी धरतात आणि सुकून जातात. ओल्या पठारावर रुंद टायर एकदा फिरला की पन्हळ पडते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहते आणि थोडीथोडकी माती तेवढीही जाते. मसाई पठाराला राज्य शासनाने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे तो उगाच नव्हे. पन्हाळा तर जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. आता या बाजूला येणाऱ्यांची संख्या वाढणार. मळलेली वाट सोडून पठारावर मनमुराद चाके फिरवणे हा सायकलवाल्यांचा हक्क नाही. इंग्लंडमध्ये खडबडीत डोंगरवाटांनी सायकल नेणाऱ्यांची संघटना १९५५ पासून आहे. तेथे १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल चालवण्यास मुभा मिळाली ती पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याच्या अटीवर. आपल्याकडे असा कायदा नाही. वाड्यांमधल्या वाटा कोणाच्या तरी बांधावरून, कोणाच्या तरी अंगणापुढून जातात. गुरे घेऊन निघालेल्या माणसाला थांबून वाट देणे आणि आडवे घातलेले काट्यांचे फाटक पुन्हा लावणे, एवढे पाळले तरी पुढच्या सायकलवाल्याचे स्वागत नीट होते.

पठार संपले की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, म्हसवडे अशी वाड्यांची माळ लागते. प्रत्येक दोन वाड्यांमध्ये एक ओढा, उतार आणि चढ. नकाशावर हे चढ किरकोळ दिसतात. बेरीज केली की लक्षात येते, की गडाएवढी उंची पुन्हा चढून झाली. ताशी पाच-सहा किलोमीटरहून अधिक वेग येथे मिळत नाही. पन्हाळ्यापासून पावनखिंड वाटेने सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे नऊ-दहा तास. डिसेंबरात उजेड असतो अकरा तास. पंक्चर, जेवण, वाट चुकणे या साऱ्यांसाठी हाताशी उरतो तो जेमतेम एक तास.

हंगामाची निवड म्हणूनच निर्णायक ठरते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्याकडे काही हजार. वडगावात उघडीप असली म्हणून म्हसवड्याच्या ओढ्याला पाणी नसेल, असे समजणे धोक्याचे. गुडघ्याच्या वर, वाहते आणि गढूळ पाणी असेल तर सायकल घेऊन त्यात उतरू नये. सायकलीची चाके प्रवाहाला अडतात आणि तीच माणसाला ओढून नेते. मार्च-एप्रिलमध्ये ओढे आटतात आणि ऊन भाजून काढते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांत सकाळी धुके असते आणि पन्हाळा परिसरात गवे दिसतात. कळप आडवा आला तर घंटी वाजवू नये, थांबावे.

वाड्यांच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गाडीरस्त्यापर्यंत येते. तेथवर जखमीला आणण्याचे काम सोबत्यांनाच करावे लागते. एकट्याने न जाता निदान तिघांनी जावे ते यासाठी : एक जखमीजवळ थांबतो आणि एक मदतीला जातो. हेल्मेट, हातमोजे, बँडेज-पट्ट्या आणि अंधार पडल्यास दिवा या गोष्टी वजन वाढवतात म्हणून मागे ठेवणारे पुष्कळ भेटतात.

अनुभवी मंडळी दुसऱ्या दिवशी एक नियम पाळतात. दुपारी एकपर्यंत निम्मी वाट झाली नसेल तर पुढची पायवाट सोडून जवळच्या वाडीतून डांबरी रस्ता गाठायचा. पांढरेपाणी दृष्टिपथात आले तरी घाई करायची नाही. खिंडीत सायकल उतरत नाहीच; ती वरच ठेवून पायऱ्यांनी खाली जावे लागते. परतीसाठी मलकापूरच्या रस्त्यावर टेम्पो आधी ठरवून ठेवलेला असला, म्हणजे शेवटच्या तासात अंधाराशी शर्यत लावण्याचा मोह होत नाही.